विश्लेषण : कुष्ठरुग्णांसाठी मोलोकाई बेटावर १६ वर्षे राहिलेले फादर डेमियन कोण होते?

हवाई बेटांवरील कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत १८७३ मध्ये ३३ वर्षांचे एक बेल्जियन धर्मगुरू दाखल झाले. जाताना ते काही आठवड्यांसाठी गेले होते. पण ते तिथेच राहिले आणि १६ वर्षांनी त्याच आजाराने त्यांचा मृत्यू झाला. कुष्ठरोगावर त्या काळी औषध नव्हते, त्यामुळे एकाही रुग्णाला ते बरे करू शकले नाहीत. मग त्यांनी नेमके काय केले? त्यांच्यावर कोणते आरोप झाले? आणि पॅसिफिक महासागरातील त्यांच्या मृत्यूचे पडसाद भारतातील कायद्यापर्यंत कसे पोहोचले?

हवाईमध्ये त्या वेळी काय घडत होते?

हवाई आज अमेरिकेचे राज्य आहे. १९व्या शतकात मात्र ते स्वतंत्र राज्य होते. १७७८ मध्ये कॅप्टन जेम्स कुक तिथे पोहोचल्यानंतर युरोप-अमेरिकेतील जहाजांची ये-जा वाढली आणि त्यांच्याबरोबर देवी, गोवर यांसारखे आजारही आले. जगापासून दूर राहिलेल्या स्थानिकांच्या शरीरात या आजारांविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती. कुकच्या वेळी लाखांत असलेली मूळ रहिवाशांची संख्या १८७०च्या दशकात ५० हजारांच्या आसपास आली.

त्यातच कुष्ठरोग पसरू लागला. उसाच्या मळ्यांवर आणि व्यापारावर चालणाऱ्या या छोट्या राज्याला त्याची धास्ती वाटू लागली. राजा पाचवा कामेहामेहा याच्या कारकिर्दीत १८६५ मध्ये कुष्ठरोगाचा फैलाव रोखण्यासाठी कायदा झाला. संशयित रुग्णाला ताब्यात घ्यायचे, तपासायचे आणि आजार असल्याचे ठरले की कायमचे वेगळे ठेवायचे, असा या कायद्याचा अर्थ होता. त्यासाठी मोलोकाई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील कलाउपापा हे भूशिर निवडण्यात आले. रुग्णांची पहिली तुकडी जानेवारी १८६६ मध्ये तिथे उतरवण्यात आली.

कायद्याचा सर्वाधिक फटका स्थानिक हवाई लोकांना बसला. पुढील शंभर वर्षांत या वसाहतीत पाठवलेल्या सुमारे आठ हजार जणांपैकी बहुसंख्य तेच होते. एकत्र राहणे, एका भांड्यात जेवणे, आजारी माणसाला घरातच सांभाळणे ही त्यांची रीत. त्यामुळे त्यांनी या आजाराला दिलेले एक नाव त्याच्या लक्षणांवरून आलेले नाही. कुटुंबाची ताटातूट करणारा आजार, असा त्या नावाचा अर्थ होतो.

कलाउपापा हीच जागा का?

या भूशिराच्या तीन बाजूंना खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूला शेकडो मीटर उंचीचे सरळसोट कडे आहेत. बोटीने आणून सोडलेला माणूस परत जाऊ शकणार नाही, हा सरकारचा हिशेब होता. रुग्णांनी तिथे शेती करावी आणि स्वतःचे पोट स्वतः भरावे, अशीही अपेक्षा होती. हातापायांची बोटे झडलेल्या, अशक्त माणसांकडून ती पूर्ण होणे शक्यच नव्हते.

वसाहतीचा पहिला भाग कलावाओ या पूर्वेकडील, सतत वारा-पाऊस झेलणाऱ्या बाजूला वसला. गवताच्या झोपड्या, अपुरा शिधा, दूरवरून वाहून आणावे लागणारे पाणी आणि क्वचित फिरकणारे डॉक्टर अशी स्थिती होती. अनेकांचे मृतदेह पेटीविना, उथळ खड्ड्यात पुरले जात. काही रुग्णांबरोबर त्यांचा नवरा, बायको किंवा नातलग सोबतीला येत. त्यांना हवाई भाषेत कोकुआ म्हणजे मदतनीस म्हणत. निरोगी असूनही आपल्या माणसासाठी वनवास पत्करलेले हे लोक डेमियन येण्याच्या आधीपासून तिथे होते.

डेमियन यांचे मूळ कोणते?

त्यांचे मूळ नाव योझेफ डी व्हॉस्टर. ३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधील ट्रेमेलो या गावी, फ्लेमिश बोलणाऱ्या शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील धान्याचा व्यापारही करत. योझेफने पुढे हा व्यवसाय सांभाळावा, या हेतूने त्याला फ्रेंच शिकायला पाठवण्यात आले. पण त्याच्या मनाने वेगळेच घेतले. थोरला भाऊ ऑग्यूस्त आधीच लूव्हेन येथील एका कॅथलिक धर्मसंघात दाखल झाला होता. १८५९ मध्ये योझेफही तिथे गेला आणि त्याने डेमियन हे नाव घेतले.

डेमियन हे बुद्धीपेक्षा अंगमेहनतीसाठी ओळखले जात. शेतावर वाढल्यामुळे सुतारकाम, गवंडीकाम, गुरांची देखभाल हे सारे त्यांना येत होते. त्यांचा हवाईला जाण्याचा योग मात्र अपघातानेच आला. तिथे जायचे होते ते थोरल्या भावाला. पण साथीतील रुग्णांची सेवा करताना तो टायफसने आजारी पडला. डेमियन यांचे शिक्षण अजून पूर्ण झालेले नव्हते. तरीही त्यांनी स्थानिक वरिष्ठांना बाजूला ठेवून थेट पॅरिसला संघाच्या प्रमुखांना पत्र लिहिले आणि भावाच्या जागी जाण्याची परवानगी मिळवली. वरिष्ठांच्या डोक्यावरून जाऊन काम करून घेण्याची ही सवय त्यांना आयुष्यभर उपयोगी पडली आणि अडचणीतही आणत राहिली.

१८६३च्या अखेरीस जर्मनीतील बंदरातून निघालेले त्यांचे जहाज १९ मार्च १८६४ रोजी होनोलुलूला पोहोचले. दोनच महिन्यांत तिथल्या कॅथेड्रलमध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. पुढची नऊ वर्षे त्यांनी हवाई नावाच्याच मोठ्या बेटावर, ज्वालामुखीच्या प्रदेशातील विखुरलेल्या वस्त्यांमध्ये काढली. घोड्यावरून आणि पायी फिरत, स्वतःच्या हातांनी चर्च बांधत ते हवाई भाषा शिकले. लोक त्यांना कामियानो म्हणू लागले.

ते मोलोकाईला कसे पोहोचले?

बेटांवरची माणसे एकामागून एक कलाउपापाला नेली जात असल्याचे डेमियन पाहत होते. वसाहतीत कॅथलिक रुग्णांची संख्या वाढली होती. १८७२ मध्ये तिथे सेंट फिलोमेना हे लाकडी चर्च उभे राहिले, पण कायमचा धर्मगुरू नव्हता. मे १८७३ मध्ये मावी बेटावरील एका समारंभात बिशप मैग्रे यांनी हा प्रश्न मांडला. लागणीचा धोका असल्याने कोणालाही सक्ती करायची नाही, अशी त्यांची भूमिका होती. तेव्हा चार तरुण धर्मगुरू पुढे आले. प्रत्येकाने पाळीपाळीने काही आठवडे जायचे असे ठरले आणि पहिली पाळी डेमियन यांनी घेतली.

१० मे १८७३ रोजी रुग्ण आणि गुरे घेऊन जाणाऱ्या बोटीतून ते बिशपसह कलाउपापाला उतरले. राहायला घर नसल्याने सुरुवातीचे दिवस त्यांनी चर्चजवळच्या केवड्याच्या जातीतील एका झाडाखाली झोपून काढले. दरम्यान होनोलुलूतील वृत्तपत्रांनी त्यांचे जाणे गाजवले. एक धर्मगुरू कायमचा रुग्णांमध्ये राहायला गेला आहे, अशा बातम्या आल्या आणि प्रोटेस्टंट लोकांनीही देणग्या दिल्या. खुद्द डेमियन यांनीही राहू देण्याची विनंती केली. मग पाळीपाळीने जाण्याची योजना मागे पडली.

याच वर्षी जगाच्या दुसऱ्या टोकाला, नॉर्वेत, गेरहार्ड हॅन्सन या डॉक्टरने कुष्ठरोगाचा जंतू शोधून काढला. मात्र त्या शोधातून रुग्णांच्या हाती औषध पडायला आणखी सुमारे सात दशके लागणार होती.

तिथे त्यांनी नेमके काय केले?

धर्मगुरूचे काम त्यांनी केलेच. पण वसाहतीचे रूप बदलले ते त्यांच्या हातातील करवत-हातोडीने आणि सरकारकडे सतत केलेल्या मागण्यांनी.

पहिली गरज पाण्याची होती. दरीतील झऱ्याचे पाणी वस्तीपर्यंत आणण्यासाठी त्यांनी सरकारकडून लोखंडी नळ मिळवले आणि अंगात थोडी ताकद असलेल्या रुग्णांना बरोबर घेऊन ते टाकले. जखमा धुवायला पाणीच नसेल तर मलमपट्टीला अर्थ उरत नाही, हे साधे गणित त्यामागे होते.

दुसरी गरज निवाऱ्याची होती. १८७४ च्या वादळात गवताच्या झोपड्या जमीनदोस्त झाल्या. त्या संधीचा फायदा घेऊन त्यांनी आरोग्य मंडळाकडे लाकूड मागितले आणि जमिनीपासून उंच, चुना लावलेली लाकडी घरे उभारायला सुरुवात केली. ओल्या जमिनीवर झोपणाऱ्या माणसांसाठी ही सुधारणा मोठी होती.

त्यांनी अनाथ मुलामुलींसाठी घरे काढली. त्या घरांत स्वयंपाक, शिवण, शेतीचे शिक्षण आणि संगीत होते. रुग्णांचा वाद्यवृंद आणि गायकांचा संघ वसाहतीत नाव मिळवून होता. दफनभूमीला कुंपण घातले गेले. शवपेट्या ते स्वतः बनवत आणि अनेकदा कबरही स्वतः खणत. मेलेल्या माणसाला नीट निरोप मिळणार, ही खात्री जिवंत रुग्णांसाठीही मोलाची होती.

रोज ते घरोघर जाऊन जखमा धूत आणि पट्ट्या बांधत. सडणाऱ्या जखमांचा वास सुरुवातीला त्यांना सहन होत नसे. कपड्यांतला वास झाकण्यासाठी ते पाइप ओढू लागले. अळूच्या कंदापासून केलेले पोई हे हवाई लोकांचे रोजचे अन्न. ते एकाच भांड्यातून बोटांनी खाल्ले जाते. डेमियनही रुग्णांबरोबर बसून तसेच खात. अंतर राखून वागणारा माणूस तिथे कोणाचाच होऊ शकत नाही, असे त्यांचे मत बनले होते.

सरकार आणि वरिष्ठांशी त्यांचे का बिनसले?

वसाहतीत राहणाऱ्याने बाहेर जायचे नाही हा नियम सुरुवातीला डेमियन यांनाही लावण्यात आला. कॅथलिक धर्मगुरूला ठरावीक काळाने दुसऱ्या धर्मगुरूसमोर पापांची कबुली द्यावी लागते आणि ती गोपनीय असते. त्यांचे एक वरिष्ठ बोटीने किनाऱ्याजवळ आले तेव्हा कप्तानाने त्यांना उतरू दिले नाही आणि डेमियन यांना बोटीवर चढू दिले नाही. अखेर डेमियन यांनी होडीत उभे राहून, साऱ्यांसमक्ष, वरच्या डेकवरील वरिष्ठांना फ्रेंचमध्ये ओरडून कबुली दिली. पुढे हा नियम शिथिल झाला. त्यानंतर ते कडा चढून बेटाच्या वरच्या भागातील निरोगी लोकांसाठीही चर्च बांधू लागले.

आरोग्य मंडळाला त्यांच्या मागण्यांचा उपद्रव वाटे. लाकूड, कपडे, शिधा, डॉक्टर, परिचारिका यांची यादी कधी संपत नसे. स्वतःच्या धर्मसंघातही त्यांच्याविषयी नाराजी होती. परदेशातून, विशेषतः इंग्लंडमधून त्यांच्या नावे थेट पैसे येऊ लागले तेव्हा ही नाराजी वाढली. आपण काहीच करत नाही असे चित्र डेमियन यांच्यामुळे निर्माण होते, असे होनोलुलूतील वरिष्ठांना वाटत होते. मदतीला आलेल्या धर्मगुरूंशीही त्यांचे खटके उडाले. ते तापट आणि हट्टी होते. रुग्ण झाडांच्या कंदापासून दारू गाळत, तेव्हा काठी घेऊन ते अड्डे मोडायलाही ते निघत. त्यामुळे वसाहतीतल्या सगळ्यांनाच ते आवडत होते, असेही नाही.

रुग्ण केवळ मदत घेणारे होते का?

डेमियन यांच्यावरील जुन्या लेखनात त्यांच्या आधीचे कलाउपापा म्हणजे केवळ अराजक, असे चित्र दिसते. ते अपुरे आहे. पहिल्याच वर्षी, १८६६ मध्ये, तिथल्या प्रोटेस्टंट रुग्णांनी सिलोआमा ही मंडळी स्थापन केली होती आणि १८७१ मध्ये स्वतःचे चर्चही उभारले होते. विल्यम रॅग्सडेल हे वकील स्वतः रुग्ण असूनही वसाहतीचे अधीक्षक झाले. त्यांच्या आधी हे काम पाहणारे जोनाताना नापेला हे मॉर्मन पंथाचे होते आणि आजारी पत्नीसाठी कोकुआ म्हणून आले होते. पंथ वेगळा असूनही डेमियन आणि नापेला यांची मैत्री होती. राजघराण्याशी नाते असलेले पीटर काइओ यांनी इथून मावस बहीण राणी एमा हिला लिहिलेली पत्रे तर रुग्णाच्या नजरेतून वसाहत दाखवणारा महत्त्वाचा दस्तऐवज ठरली आहेत.

नळ टाकणारे, घरे बांधणारे, वाद्ये वाजवणारे आणि पेट्या वाहणारे हात बहुतांशी रुग्णांचेच होते. डेमियन यांनी त्यांना साहित्य मिळवून दिले, बाहेरच्या जगासमोर त्यांचा आवाज लावून धरला आणि त्यांच्यात राहून काम केले. त्यांचे मोठेपण याच चौकटीत पाहिले तर ते अधिक स्पष्ट दिसते.

१८८१ मध्ये राजा कालाकाउआ जगप्रवासावर होता. त्या प्रवासात तो कोलकाता आणि मुंबईलाही येऊन गेला. त्याच्या अनुपस्थितीत कारभार पाहणारी बहीण लिलिउओकलानी हिने कलाउपापाला भेट दिली. समोरचे दृश्य पाहून तिला भाषण करणे अवघड झाले, असे सांगितले जाते. परतल्यावर तिने डेमियन यांना राजघराण्याचा मानाचा किताब दिला. त्याची बातमी जगभर पोहोचली.

डेमियन यांना लागण झाली, मग इतरांना का नाही?

१८८४च्या अखेरीस गरम पाण्यात पाय बुडवला असता त्यांना चटकाच जाणवला नाही, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. कातडीची संवेदना जाणे हे कुष्ठरोगाचे ठळक लक्षण. १८८५ मध्ये डॉ. एडुआर्ड आर्निंग यांनी आजाराचे निदान केले. प्रवचनात रुग्णांना उद्देशून बोलताना डेमियन आधीपासूनच स्वतःला त्यांच्यात धरून आपण असा शब्द वापरत. आता तो शब्दशः खरा ठरला.

आजच्या वैद्यकशास्त्रानुसार हा आजार स्पर्शाने सहज होत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घकाळ निकट राहिल्यास नाका-तोंडातील सूक्ष्म थेंबांवाटे तो पसरतो. जगातील सुमारे ९५ टक्के लोकांत त्याविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत अनेक वर्षे जाऊ शकतात. डेमियन हे उरलेल्या थोड्यांपैकी होते आणि ते कसलीही खबरदारी घेत नसत.

त्यांच्या दोन सहकाऱ्यांची उदाहरणे या दृष्टीने बोलकी आहेत. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेले जोसेफ डटन १८८६ मध्ये मदतीला आले आणि चार दशकांहून अधिक काळ तिथे राहिले. मदर मॅरिअन कोप या फ्रान्सिस्कन जोगीण १८८८ मध्ये आल्या आणि १९१८ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांनी तिथेच सेवा केली. हात धुण्याबाबत त्या काटेकोर होत्या. या दोघांनाही कुष्ठरोग झाला नाही.

शेवटची वर्षे कशी गेली?

निदानानंतर डेमियन यांच्या कामाचा वेग उलट वाढला. होनोलुलूत मासानाओ गोतो या जपानी डॉक्टरची औषधी स्नानांची उपचारपद्धती त्यांनी स्वतःवर करून पाहिली आणि ती वसाहतीत आणण्याचा आग्रह धरला. १८८८च्या डिसेंबरमध्ये इंग्रज चित्रकार एडवर्ड क्लिफर्ड त्यांना भेटायला आले. त्यांनी सोबत गर्जन तेल आणले होते. अंदमानातही आढळणाऱ्या गर्जन वृक्षाचे हे तेल तिथल्या कुष्ठरुग्णांवर वापरले गेले होते. त्याने आजार बरा झाला नाही. क्लिफर्ड यांनी काढलेल्या चित्रामुळे डेमियन यांचा आजाराने सुजलेला चेहरा मात्र जगाला माहीत झाला.

ज्या मदतीसाठी ते वर्षानुवर्षे झगडले, ती अखेरच्या काळात एकदम आली. डटन होतेच. बेल्जियन धर्मगुरू कॉनरार्डी आले, जेम्स सिनेट हे परिचारक आले आणि मदर मॅरिअन आपल्या जोगिणींसह आल्या. अनाथ मुलांची काळजी घेणारे कोणी आहे, ही खात्री झाल्यावरच १५ एप्रिल १८८९ रोजी, ४९व्या वर्षी, डेमियन यांनी डोळे मिटले. सुरुवातीला ज्या झाडाखाली ते झोपत, तिथेच त्यांना पुरण्यात आले.

मृत्यूनंतर वाद का झाला?

जगभरातून श्रद्धांजली वाहिली जात असताना होनोलुलूतील प्रोटेस्टंट धर्मोपदेशक चार्ल्स हाइड यांनी एका सहकाऱ्याला खासगी पत्र लिहिले आणि ते छापून आले. डेमियन अस्वच्छ, हेकट होते, सुधारणांचे श्रेय त्यांचे नव्हते आणि स्त्रियांबाबत त्यांचे वर्तन शुद्ध नव्हते, असा त्याचा आशय होता. कुष्ठरोगाचा संबंध लैंगिक आजाराशी जोडण्याचा गैरसमज तेव्हा प्रचलित होता. त्यामुळे लागण हाच चारित्र्याविरुद्धचा पुरावा मानला गेला. प्रत्यक्षात या आरोपाला कसलाही आधार मिळाला नाही.

याला उत्तर दिले ते ट्रेझर आयलंडचे लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी. ते स्वतः प्रोटेस्टंट घरात वाढलेले होते. डेमियन यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच ते कलाउपापाला आठवडाभर राहून आले होते. मुलींशी खेळले होते आणि परतल्यावर त्यांच्यासाठी त्यांनी पियानो पाठवला होता. १८९० मध्ये त्यांनी हाइड यांना उद्देशून जाहीर पत्र प्रसिद्ध केले. डेमियन यांचा गबाळेपणा, हट्ट, फटकळपणा हे दोष त्यांनी लपवले नाहीत. पण इतर धर्मोपदेशक शहरातील आरामदायी घरांत असताना हा शेतकऱ्याचा मुलगा कड्याखाली गेला, तिथे मेला आणि त्याच्यामुळेच जगाचे लक्ष या रुग्णांकडे वळले, हा त्यांचा युक्तिवाद होता. ते पत्र खूप गाजले.

डेमियन यांच्या मृत्यूचा भारताशी काय संबंध?

या मृत्यूने जग हळहळले, तसेच ते घाबरलेही. एका धडधाकट युरोपीय माणसाला हा आजार होऊ शकतो, हे त्यातून ठळकपणे समोर आले होते. ब्रिटिश साम्राज्यातील सर्वाधिक कुष्ठरुग्ण भारतात होते. १८८९ मध्येच लंडनमध्ये युवराजांच्या, म्हणजे पुढे सातवे एडवर्ड म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्राच्या अध्यक्षतेखाली डेमियन यांच्या स्मरणार्थ निधी उभारला गेला. त्यातून मोलोकाईला स्मारकाचा क्रूस पाठवण्यात आला आणि १८९०-९१ मध्ये एक चौकशी आयोग भारतात आला.

देशभर फिरून या आयोगाने काढलेला निष्कर्ष त्या काळाच्या मानाने संयमी होता. आजार आनुवंशिक नाही, लागण होते पण तिचे प्रमाण अल्प आहे, त्यामुळे सक्तीने वेगळे ठेवणे समर्थनीय नाही, असे आयोगाने म्हटले. तरीही भीती वरचढ ठरली. मुंबईत १८९० मध्येच, रस्त्यावर राहणाऱ्या रुग्णांसाठी माटुंग्याला आश्रयगृह सुरू झाले होते. तेच पुढे वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय म्हणून ओळखले जाऊ लागले. १८९८ मध्ये ब्रिटिश सरकारने कुष्ठरुग्णांविषयीचा कायदा केला. त्याचा रोख होता तो निराधार, भीक मागून जगणाऱ्या रुग्णांवर. त्यांना पकडून आश्रयगृहात ठेवता येत होते. घर आणि पैसा असलेला रुग्ण यातून सहसा सुटत असे.

जो माणूस गरीब रुग्णांना वाळीत टाकण्याच्या विरोधात जगला, त्याच्या मृत्यूने उठलेल्या भीतीने त्याच गरिबांभोवतीचे कुंपण पक्के व्हायला हातभार लावला. १८९८चा हा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद तर २०१९ मध्ये वगळण्यात आली.

महाराष्ट्राशीही या नावाचा दुवा आहे. वरोऱ्याजवळ आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमटे यांना १९८३ मध्ये डेमियन-डटन पुरस्कार मिळाला. कुष्ठरोगाच्या क्षेत्रातील हा मोठा आंतरराष्ट्रीय सन्मान डेमियन आणि डटन यांच्या नावे दिला जातो. डेमियन यांच्या नावाची बेल्जियन संस्था भारतातही कुष्ठरोग आणि क्षयरोगावर काम करते.

संतपद कधी मिळाले?

१९३६ मध्ये बेल्जियम सरकारच्या विनंतीवरून डेमियन यांचे अवशेष मायदेशी नेऊन लूव्हेनमध्ये ठेवण्यात आले. कलाउपापातील रुग्णांना ते रुचले नव्हते. १९९५ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी ब्रसेल्समध्ये त्यांना धन्य घोषित केले, तेव्हा त्यांचा उजवा हात हवाईला परत देण्यात आला आणि मूळ कबरीत पुरला गेला. ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी त्यांना संत म्हणून जाहीर केले. त्या सोहळ्याला कलाउपापातील काही माजी रुग्णही रोमला गेले होते. मदर मॅरिअन यांना २०१२ मध्ये संतपद मिळाले. वॉशिंग्टनमधील अमेरिकी संसद भवनात प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात. हवाईने दिलेल्या दोनपैकी एक पुतळा डेमियन यांचा आहे.

आज हे का महत्त्वाचे?

१९४०च्या दशकात सल्फोन औषधे आली आणि कुष्ठरोग आटोक्यात येऊ लागला. हवाईतील सक्तीच्या विलगीकरणाचा कायदा मात्र १९६९ मध्ये संपला. तोवर अनेक रुग्णांचे सारे आयुष्य तिथे गेले होते. जायची मोकळीक मिळूनही काही जण कलाउपापातच राहिले, कारण त्यांचे घर आता तेच होते.

१९८०च्या दशकापासून वापरात आलेल्या बहुविध औषधोपचाराने हा आजार सहा ते बारा महिन्यांत पूर्ण बरा होतो आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून इतरांना लागण होण्याचा धोका संपतो. सरकारी दवाखान्यांत हे औषध मोफत मिळते. भारताने २००५च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले. पण जगात दरवर्षी आढळणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात असतात. अंगावरचा बधिर चट्टा घरच्यांपासून लपवला जातो आणि त्यामुळे उपचाराला उशीर होऊन हातापायांत व्यंग येते.

डेमियन यांच्याजवळ औषध नव्हते. त्यांच्याजवळ पाणी, छप्पर, स्वच्छ पट्टी आणि एका भांड्यात जेवण्याची तयारी एवढेच होते. आता औषध गावोगावच्या आरोग्य केंद्रात आहे. रुग्णाला तिथवर मोकळेपणाने जाता यावे, यासाठी लागणारी शेजाऱ्यापाजाऱ्यांची साथ मात्र गोळ्यांच्या पाकिटात मिळत नाही.